82व्या मिनिटाची ती कोलंबियाची पोरगी

2025 मध्ये मोरोक्कोत मुलींचा फुटबॉलचा अंडर-17 वर्ल्डकप झाला, उत्तर कोरियानं फायनलला नेदरलँड्सला 3-0 हरवलं, आणि ते बघता बघता आमच्या घरात परत नेरुळच्या त्या रात्रीचा, म्हणजे 2022 ला आपल्याकडे झालेल्या याच वर्ल्डकपच्या फायनलचा विषय निघाला. तीन वर्षं होऊन गेली तरी तो विषय आमच्याकडे संपत नाही, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढू.

30 ऑक्टोबर 2022, रविवार. भाऊबीज होऊन चार दिवस झालेले, डब्यात चकल्या शिल्लक होत्या, शाळेला सुट्टी. लेक तेव्हा तेरा वर्षांची, शाळेच्या टीममध्ये बॅकला खेळायची. त्याच्या महिनाभर आधी एका मॅचमध्ये बॉल क्लिअर करायला गेली आणि तो तिच्याच पायाला लागून आपल्याच गोलमध्ये गेला, मॅच 1-0 नं गेली, आणि बाहेर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी वडिलांनी मोठ्यानं म्हटलं की हिला कशाला खेळवतात. तेव्हापासून प्रॅक्टिसला गेली नव्हती. मी काही बोलले तर उठून दुसऱ्या खोलीत जायची. म्हणून मीच फायनलची तिकिटं काढली, म्हटलं नुसतं बघून तरी येऊ.

ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं नेरुळला उतरून डी. वाय. पाटील स्टेडियमला पोचलो. साडेचारला आधी तिसऱ्या नंबरची मॅच होती, नायजेरिया आणि जर्मनी. नायजेरिया 3-0 नं पुढे आणि मग शेवटच्या वीसेक मिनिटांत जर्मनीच्या पोरींनी तीन गोल परत केले! पेनल्टीवर अखेर नायजेरियाच जिंकली. आमच्या मागे एका अकॅडमीच्या लहान लहान मुली बसलेल्या, त्यांचे घसे तिथेच बसले.

या वर्ल्डकपला इथे पोचायलाच दोन वर्षं लागली होती, हे किती जणांना आठवतं माहीत नाही. आधी 2020 मध्ये व्हायचा होता, कोरोनामुळे 2021 वर गेला, मग रद्दच झाला आणि 2022 चा भारताला दिला. आणि तोही हातातून जातोय असं वाटलं, कारण ऑगस्टमध्ये फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, आपल्या भारतीय फुटबॉल फेडरेशनलाच सस्पेंड केलं. अकरा दिवसांनी ते उठलं. त्या अकरा दिवसांत कॅम्पमध्ये असलेल्या पोरींच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करून मला आजही कसंतरी होतं. त्याच वर्षी जानेवारीत सीनियर टीमचं एशियन कपमध्ये आपल्याच नवी मुंबईत कोरोनामुळे स्पर्धेतून बाहेर पडणं झालं होतं, त्यामुळे धाकधूक होतीच.

आपल्या मुली भुवनेश्वरला खेळल्या. अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0, ब्राझीलकडून 5-0. सोळा गोल खाल्ले, एकही मारला नाही. सोशल मीडियावर लोकांनी जे लिहिलं ते मी लेकीला वाचू दिलं नाही. अहो, कॅप्टन अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, तिच्या घरापर्यंत धड रस्ता नव्हता, वर्ल्डकपच्या वेळी सरकारनं तो बांधायला घेतला आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील मजुरी करत होते अशी बातमी आलेली. त्या पोरीला तुम्ही अमेरिकेच्या अकॅडम्यांमधून आलेल्या पोरींसमोर उभं करता आणि मग 8-0 ची मापं काढता? टीममध्ये आपल्या पुण्याची काजोल डिसूझा पण होती. आमच्याकडे मुलींना टर्फचा स्लॉट मिळतो तो दुपारी दोनचा, उन्हातला, बाकी सगळी संध्याकाळ मुलांच्या बॅचला. आधी मॅचेस द्या, ग्राउंड द्या, मग स्कोअर विचारा. मला हे मनापासून वाटतं.

असो, फायनल. स्पेन आणि कोलंबिया. कोलंबियानं भाऊबीजेच्या दिवशी गोव्यात फातोर्ड्याला सेमी फायनलमध्ये नायजेरियाला पेनल्टीवर 6-5 नं हरवलेलं. लिंडा कायसेडो त्यांच्याकडून खेळत होती, सतरा वर्षांची, पंधराव्या वर्षी ओव्हरीचा कॅन्सर झाला आणि त्यातून उठून ती पोरगी परत मैदानात आली. 2022 या एकाच वर्षात ती कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा), अंडर-20 वर्ल्डकप आणि हा असं तिन्ही खेळली. बॉल तिच्या पायाशी आला की सगळं स्टेडियम पुढे सरकून बसायचं. स्पेनकडे व्हिकी लोपेझ, स्पर्धेची बेस्ट प्लेअर तीच ठरली. सत्तर-ऐंशी मिनिटं कुणालाच गोल होईना, आम्ही चकल्या खाऊन संपवल्या, लेक तर बोलायचीच बंद झाली.

आणि 82व्या मिनिटाला स्पेनचा अटॅक, कोलंबियाच्या बॉक्समध्ये गर्दी, बॉल कोलंबियाच्याच आना मारिया गुझमानला लागला आणि आत गेला. ओन गोल. वर्ल्डकपच्या फायनलला. स्पेन 1-0, तेवढ्यावरच मॅच संपली आणि कप सलग दुसऱ्यांदा स्पेनकडे.

लेकीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. सगळे स्पेनच्या मुलींचं नाचणं बघत होते आणि ही मात्र कोलंबियाच्या टीमकडे बघत होती. "आई, तिला कोणी ओरडत नाहीये ना?" इतकंच विचारलं. मी म्हटलं नाही गं. आम्ही लांब वर बसलेलो, खरं तर मलाही नीट दिसत नव्हतं. परतीच्या लोकलमध्ये तिनं माझ्या फोनवर त्या मुलीचं नाव शोधून वहीत उतरवल्यासारखं तीन-चारदा मनातल्या मनात म्हणून पाठ केलं. मंगळवारी प्रॅक्टिसला गेली, मी काही न सांगता.

पुढच्या जानेवारीत गुझमानला बायर्न म्युनिक या जर्मन क्लबनं घेतलं. ही बातमी मला लेकीनंच दिली, सकाळी दात घासता घासता बाहेर येऊन.

मग 2023 चा सीनियर वर्ल्डकप, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला. 8 ऑगस्टला मेलबर्नला कोलंबिया विरुद्ध जमैका, जिंकणारा क्वार्टर फायनलला. आपल्याकडे दुपारी दीडची वेळ, ही शाळेत, मी ऑफिसमध्ये, डब्याच्या सुट्टीत फोनवर थोडं थोडं बघत होते. सेकंड हाफ सुरू होऊन पाच-सहा मिनिटं झाली असतील, डावीकडून एक लांबलचक क्रॉस पार पलीकडच्या पोस्टपर्यंत गेला, तिथे काटालिना उस्मेनं तो घेतला आणि गोल. मॅचमधला एकमेव गोल, आणि कोलंबिया पहिल्यांदा क्वार्टर फायनलला. क्रॉस कुणाचा होता? आना गुझमानचा. अठरा वर्षांची. मी डबा तसाच ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले, खरंच सांगते.

संध्याकाळी लेक दप्तर खांद्यावरच ठेवून सोफ्यावर बसली, मी क्लिप लावून दिली. एकदा बघितली, परत बघितली, मग मागे नेऊन फक्त क्रॉसचा भाग सहा-सात वेळा. "कसला मारलाय बघ," म्हणाली, आणि बॉल घेऊन खाली गेली. अंधार पडेपर्यंत सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर बॉल आपटल्याचा आवाज येत होता, वॉचमनकाका दोनदा सांगून गेले तरी.