काउंट पडण्याआधीची तयारी

मायलोमासाठी, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी, पेशंटच्या स्वतःच्याच मूळ पेशींचा (स्टेम सेल) ट्रान्सप्लान्ट ठरला की सगळ्यांचं लक्ष पेशी चढवायच्या दिवसाकडे लागतं. तो दिवस खरं तर साधा असतो, रक्ताची पिशवी चढवल्यासारखा. कस लागतो तो त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात तेव्हा.

म्हणून आधी पेशंटचे दात तपासून घ्या. किडलेली दाढ एरवी महिनाभर चालवून घेता येते. काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, पडल्यावर तिथूनच जंतू रक्तात शिरतात.

पेशी गोळा करण्याआधी चार-पाच दिवस इंजेक्शनं असतात. त्यांनी कंबर ठणकते, ते अपेक्षितच. मग रक्तातून मूळ पेशी वेगळ्या करणाऱ्या मशीनवर चार-पाच तास. ओठांभोवती मुंग्या आल्या तर गप्प बसू नका, नर्सला सांगा. रक्त गोठू नये म्हणून वापरलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं; कॅल्शियम दिलं की मुंग्या थांबतात. वजनाच्या किलोमागे निदान २० लाख मूळ पेशी लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ कोटी. एका दिवसात जमल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

मेल्फालान (केमोथेरपीचं औषध) देतात त्या दिवशी सोबतच्या माणसाचं काम एकच: बर्फ. औषध सुरू होण्याआधी थोडा वेळ, चालू असताना आणि संपल्यावरही निदान अर्धा तास पेशंटच्या तोंडात बर्फ हवा. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि पुढे तोंड कमी सोलवटतं. बर्फ उकळलेल्या पाण्याचा, बारीक फोडलेला. टोकदार तुकडे हिरडीला लागतात. तोंड बधिर झालं की पेशंट कंटाळून नको म्हणतो. मध्ये चहा देऊ नका, सगळी मेहनत पाण्यात जाते.

गोठवलेल्या पेशी चढवल्यावर दोन दिवस श्वासाला लसणासारखा वास येतो. तो पेशी टिकवायच्या द्रव्याचा. घाबरायचं कारण नाही.

प्लेटलेटसाठी चार-पाच दाते आधीच हेरून ठेवा. पिशवी पाचच दिवस टिकते, त्यामुळे साठवून भागत नाही. दात्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. हे विचारायचं राहतं आणि दाता रक्तपेढीतून परत येतो.

घरी आल्यावर खरी परीक्षा स्वयंपाकघरात. कोथिंबीर वरून भुरभुरायची नाही, शिजताना घालायची. कोशिंबीर, ओली चटणी, घरी लावलेलं दही बंद. तीर्थ आणि पंचामृतही नाही. आजीला हे आधीच समजावून सांगा, ऐन वेळी वाद नको. काढे, चूर्णं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. खिडकीत कबुतरं बसत असतील तर आधीच जाळी लावून घ्या आणि विष्ठा पेशंट घरी यायच्या आत साफ करून घ्या. कुंड्या खोलीबाहेर. शेजारी तोडफोड चालू असेल तर खिडक्या बंद. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात बसते.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की फोन, मग रात्रीचे दोन का वाजेनात. आधी क्रोसिन देऊ नका, ताप झाकला जातो. लाईन (औषधांसाठी शिरेत बसवलेली नळी) धुतल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तर तेही नेमकं सांगा. संसर्ग लाईनमध्येच असू शकतो. वहीत वेळ, ताप, लघवी, जुलाब, गोळ्या लिहीत जा. आणि तुमची जागा घेणारं दुसरं माणूस आधीच ठरवून ठेवा, कारण तुम्हाला सर्दी झाली तर त्या खोलीत तुम्ही जायचं नाही.