एथेलची बाजू

ती चॉकलेटवाली क्लिप तुमच्यापर्यंत कधी ना कधी पोचली असणारच. ब्लॅक अँड व्हाइट, दोन बायका, डोक्यावर पांढऱ्या फुगीर टोप्या, समोरून सरकत्या पट्ट्यावर चॉकलेटं येतायत आणि एकेक उचलून कागदात गुंडाळून परत खाली ठेवायचं, बास, एवढंच काम. आधी आरामात चाललेलं असतं, मग पट्टा पळायला लागतो आणि मग चॉकलेटं तोंडात, टोपीत, ड्रेसच्या गळ्यातून आत, जिथे जागा मिळेल तिथे. तेवढ्यात सुपरवायझर बाई येते, पट्टा रिकामा बघून खूश होते आणि आतल्या माणसाला ओरडून सांगते की वाढव स्पीड. 'आय लव्ह लुसी' या अमेरिकन विनोदी सीरियलचा हा एपिसोड सप्टेंबर 1952 मधला, म्हणजे सत्तर वर्षं कधीच उलटून गेली, आणि अजून आमच्या ग्रुपवर कुणीतरी 'ऑफिसातला सोमवार' म्हणून तो टाकतंच.

बघतात सगळे लुसीला. बघणारच, लुसी झालेली लुसील बॉल म्हणजे काय साधी बाई नव्हती, डोळे असे विस्फारायची की टीव्हीची काच कमी पडावी. पण मी हल्ली हट्टाने शेजारच्या बाईकडे बघते, त्या एथेलकडे. लुसी तोंडाचे शंभर प्रकार करत असते आणि एथेल मात्र काम करत असते हो, अगदी मन लावून, म्हणजे तिला खरंच वाटतंय की जरा हात भरभर चालवला तर जमेल. तीपण कोंबतेच तोंडात, पण नाइलाजाने. त्याच एपिसोडमध्ये आधी ती पॅकिंगच्या डिपार्टमेंटला असते, तिथून तिला हलवलेलं असतं, कारण काय तर आत काय भरलंय हे कळावं म्हणून बाई एकेक चॉकलेट चिमटून बघत होत्या. ही सवय कुठल्या घरात नाही सांगा.

तर ही एथेल मर्ट्झ म्हणजे व्हिव्हियन व्हान्स.

सीरियल ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, लुसीचा नवरा रिकी हा क्युबन, क्लबमध्ये बँड चालवणारा, लुसीला काहीही करून त्याच्या शोमध्ये घुसायचंय, आणि हे न्यूयॉर्कमध्ये ज्या घरात भाड्याने राहतात त्याचे मालक म्हणजे फ्रेड आणि एथेल. (पत्ता सांगितलाय 623 ईस्ट 68 वा रस्ता, आणि मॅनहॅटनमध्ये तो नंबर शोधत गेलात तर थेट ईस्ट रिव्हरमध्ये पाय पडेल, तो रस्ता तेवढा लांब नाहीच.) म्हणजे एथेल खरं तर घरमालकीण, तिने महिन्याच्या महिन्याला भाडं मागायचं आणि नळ गळतोय का बघायचं. ती करते काय, तर भाडेकरणीच्या मागे मागे खिडकीतून चढते, वेशांतर करते आणि नवऱ्यांच्या शिव्या खाते.

आणि इथे मला जे म्हणायचंय ते म्हणजे लुसीचा वेडेपणा आपल्याला पटतो तो एथेलमुळे. लुसी येते, डोळे चमकतायत, 'एथेल, माझ्याकडे एक आयडिया आहे'. आता एथेलने लगेच हो म्हटलं तर ती बावळट ठरते आणि शेवटपर्यंत नाही म्हटलं तर गोष्टच संपते. मग व्हिव्हियन व्हान्स काय करते बघा, आधी भुवया खाली येतात, मग हनुवटी आत जाते, डोळे लुसीकडे न बघता दाराकडे जातात जणू पळायला वाट शोधतेय, आणि मग कुठेतरी ओठाचा एक कोपरा किंचित वर जातो. झालं, गेली बाई. हे सगळं तीन-चार सेकंदात. डायलॉग नाही काही नाही, कॅमेरा कधीकधी तिच्यावर धड नसतोसुद्धा. पण त्या तीन सेकंदांत आपणपण 'छे, भलतंच' पासून 'बरं, बघू तरी' पर्यंत आलेलो असतो. बरं, समोर खरे प्रेक्षक बसलेले असायचे, एकाच वेळी तीन कॅमेरे चालू, नाटकासारखं सलग शूटिंग, त्यामुळे ते हसू खरं आहे, आणि कान देऊन ऐका, पुष्कळ वेळा ते लुसीच्या वाक्यावर फुटतच नाही, एथेलच्या तोंडाकडे बघून फुटतं.

हे काही आपोआप आलेलं नव्हतं. बाई कॅन्ससमधल्या चेरीव्हेलची, जन्म 1909 चा, सहा भावंडांतली दुसरी, खरं नाव व्हिव्हियन जोन्स. आई कडक धार्मिक, नाटकबिटक म्हणजे पापच. तिथून निघून अल्बुकर्कीला आली, तिथल्या लिटल थिएटरमध्ये कामं करायला लागली आणि गावातल्या लोकांना ती इतकी आवडली की त्यांनी पैसे जमवून तिला न्यूयॉर्कला पाठवलं, जा बाई, शीक. हा भाग मला फार आवडतो, गावाने वर्गणी काढून नटी पाठवायची! 1932 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर, कोरसमध्ये उभी राहिली, 1934 मध्ये 'एनिथिंग गोज' या संगीत नाटकात एथेल मर्मनची अंडरस्टडी. म्हणजे मोठ्या बाईला ताप येईल तर आपला नंबर, आणि मर्मनबाईंची तब्येत कशी, तर दगड. (सीरियलमधल्या पात्राचं नाव एथेल, अंडरस्टडी होती तीपण एथेलची, योगायोग म्हणून सोडून द्या.) मग 1937 मध्ये एका शोची मुख्य नटी मुंबईच्या भाषेत सांगायचं तर कटाप झाली आणि ही तिच्या जागी उभी राहिली. पुढे 1941 मध्ये डॅनी के या विनोदी नटाबरोबर 'लेट्स फेस इट', तो जोरात चालला. म्हणजे 'आय लव्ह लुसी' मिळेपर्यंत तिची जवळजवळ वीस वर्षं स्टेजवर गेलेली, सिनेमात मात्र जेमतेम दोन छोटी कामं.

मध्ये एक वाईट काळ गेला. चाळीसच्या दशकात एका नाटकाच्या दौऱ्यावर असताना ती पूर्ण कोसळली, मनाने, स्टेजवर उभं राहणंच अशक्य झालं, नाटक सोडावं लागलं. कितीतरी दिवस उपचार. आणि नशीब बघा, 1951 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात ला होया प्लेहाऊसला तेच नाटक परत करायचं होतं आणि तिला बोलावणं आलं. तिने आढेवेढे घेतले, घेणारच. पण गेली. आणि तिथे प्रेक्षकांत येऊन बसले डेसी अर्नाझ, म्हणजे सीरियलमधला रिकी आणि लुसीलचा खराखुरा नवराही, आणि बरोबर सीरियलचे प्रोड्यूसर आणि डायरेक्टर. लुसील नव्हती, कारण तिची मुलगी नुकतीच जुलैमध्ये जन्मलेली. त्यांना एथेल हवी होती, आधी ज्यांना धरून ठेवलेलं त्या बी बेनाडरेट दुसऱ्या शोमध्ये अडकलेल्या. नाटक संपायच्या आत डेसीचं ठरलंसुद्धा. म्हणजे ज्या नाटकाने तिला झोपवलं त्याच नाटकाने उठवून आयुष्यभराचं काम दिलं, आणि हे जर मी कथेत लिहिलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं की जरा अतीच होतंय.

आता लुसीलच्या डोक्यात एथेल म्हणजे थोराड, गबाळी बाई. आणि समोर आली ही, वयाने तिच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी, दिसायला छान. मग काय, झगे ढगळ, केस साधे, चेहऱ्यावर काही नाही. पुढे एक किस्सा खूप फिरला की तिच्या काँट्रॅक्टमध्ये वजन वाढवायची अट होती म्हणून. ते काँट्रॅक्ट होतं, पण गंमत म्हणून केलेलं, लोकांनी मात्र ते खरं धरलं आणि अजूनही धरतात. गंमत असली तरी मला ती जरा टोचतेच, सांगून ठेवते.

खरी टोचणी होती ती नवऱ्याची. म्हणजे फ्रेडची. फ्रेड झालेला विल्यम फ्रॉली 1887 चा, हिच्याहून बावीस वर्षांनी मोठा. शो सुरू झाला तेव्हा ही बेचाळीस आणि तो चौसष्ट. ती म्हणाली की हा माझा बाप शोभेल, आणि ते फ्रॉलीच्या कानावर गेलं. झालं. तिथून पुढे 180 एपिसोड दोघांनी एकमेकांचं तोंड नाइलाजाने बघितलं. फ्रॉली हा बेसबॉलचा वेडा, न्यूयॉर्कची यांकीज टीम वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या फायनलमध्ये, पोचली की मला सुट्टी हवी असं म्हणे त्याने लिहूनच घेतलं होतं, आणि त्या काळात यांकीज जवळजवळ दर वर्षी पोचायचेच. फ्रेड आणि एथेल एकमेकांना जे टोमणे मारतात ना, ती कंजूष म्हणते, तो जाडी म्हणतो, त्यात ॲक्टिंग किती आणि मनातलं किती देव जाणे. पण पडद्यावर पंचवीस-तीस वर्षांचा मुरलेला संसार दिसतो. दोन माणसं एकमेकांना ओळखून आहेत, वाक्य संपायच्या आत पुढचा काय बोलणार हे माहितीय, आणि तरी सोडून जाणार नाहीयेत. अर्ध्या अमेरिकेला ते खरं जोडपं वाटायचं.

सीरियल संपता संपता डेसीने दोघांना ऑफर दिली, फक्त फ्रेड-एथेलचा वेगळा शो करू. फ्रॉली तयार, पैसा होता त्यात. ही म्हणाली नाही. साफ नाही. लीड रोल हो, स्वतःचा शो, कोरस आणि अंडरस्टडीपासून सुरुवात केलेल्या बाईने नाही म्हटलं, का तर त्या माणसाबरोबर अजून एक दिवस नको. फ्रॉलीने तिला त्याबद्दल कधी माफ केलं नाही म्हणतात. मला विचाराल तर मी तिच्या जागी असते तर घेतला असता शो, दात ओठ खात घेतला असता. पण मग मी व्हिव्हियन व्हान्स नाही हेही आहेच.

फेब्रुवारी 1954 मध्ये तिला एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं, सपोर्टिंग ॲक्ट्रेसचं, आणि त्या प्रकारात ते मिळालेली ती पहिलीच. फ्रॉलीला पाच वेळा नॉमिनेशन झालं, एकदाही मिळालं नाही. (हं, इथे मी जरा हसले.)

पण बक्षीस मिळालं म्हणून सुटका थोडीच होते. त्या वेळी बाकीचे बरेच शो न्यूयॉर्कहून लाइव्ह जायचे आणि हवेत विरून जायचे, पण ह्यांनी हॉलीवूडमध्ये बसून नीट 35 मिलिमीटर फिल्मवर शूट केलेलं, त्यामुळे रिपीट टेलिकास्ट सुरू झाले ते थांबेचनात. आपल्याला आज मोबाइलवर इतकं स्वच्छ दिसतं ते त्यामुळेच. पण हिच्यासाठी ह्याचा अर्थ काय, तर रस्त्यात, दुकानात, कुठेही, 'अगं एथेल!' जन्माचं नाव बदलून कष्टाने मिळवलेलं नाव, ते मागे पडलं आणि एका ढगळ झग्यातल्या घरमालकिणीचं नाव चिकटलं.

म्हणून 1962 मध्ये लुसील परत नवा शो घेऊन आली तेव्हा हिने अटी घातल्या. एक, कपडे नीट हवेत. दोन, पात्राचं नाव व्हिव्हियनच हवं. काय अट आहे! पैसे वाढवा म्हणणारे पुष्कळ, मला माझ्या नावाने हाक मारा म्हणणारी ही. तर ती झाली व्हिव्हियन बॅगली, एका मुलाची आई आणि घटस्फोटित, आणि अमेरिकन प्राइमटाइमच्या कॉमेडीत दर आठवड्याला दिसणारी घटस्फोटित बाई त्याआधी नव्हती. लुसीचं पात्र विधवा ठेवलं, ते चाललं, घटस्फोट मात्र दुसरीच्या पदरात. म्हणजे धाडसाचं काम परत शेजारणीकडेच, आणि तिने ते कसलाही गाजावाजा न करता केलं, पोराला सांभाळतेय, डेटवर जातेय, एकदम नॉर्मल. ती स्वतः तीन लग्नं मोडून चौथ्यात सुखी झालेली होती, कनेक्टिकटला घर, आणि तिथून कॅलिफोर्नियाला शूटिंगला ये-जा. 1965 मध्ये तिने ते थांबवलं.

दुसरं एक काम तिने केलं त्याबद्दल फार कमी लिहितात. आपण मनाने कोसळलो होतो, उपचार घेतले, बरे झालो, हे तिने पन्नासच्या दशकात उघडपणे सांगितलं. टीव्हीवरची देशातली लाडकी शेजारीण, तेव्हा तर असल्या गोष्टी घरातसुद्धा कुजबुजत बोलायचे. मनोरुग्णांच्या हॉस्पिटलांत जाऊन ती त्यांना भेटायची. तिथेपण त्यांनी 'एथेल' म्हणूनच हाक मारली असणार, आणि मला वाटतं तिथे तिने ती चालवून घेतली असेल.

सत्तरच्या दशकात मॅक्सवेल हाऊस कॉफीच्या जाहिरातीत ती मॅक्सीन म्हणून यायची. 1977 मध्ये लुसीलबरोबर एका स्पेशलमध्ये शेवटची दिसली, तब्येत तेव्हा बरी नव्हती. ऑगस्ट 1979 मध्ये कॅन्सरने गेली, कॅलिफोर्नियात बेल्व्हेडिअरला.

पण तुम्हाला एकच एपिसोड बघायचा असेल तर चॉकलेटवाला नको, तो पाठ झालाय सगळ्यांना. ऑक्टोबर 1953 चा ड्रेसवाला बघा. लुसी आणि एथेल एकसारखाच ड्रेस विकत घेतात, आपापला परत करू असं एकमेकींना कबूल करतात, आणि ऐन टीव्हीच्या कार्यक्रमात दोघी तोच घालून हजर. गाणं मैत्रीवरचं, कोल पोर्टर या संगीतकाराचं. आणि पोर्टर म्हणजे कोण, तर ज्याच्या 'एनिथिंग गोज'मध्ये ही मागे उभी होती आणि 'लेट्स फेस इट'मध्ये डॅनी केच्या बाजूला, तोच. इथे मात्र ती पुढच्या ओळीत, लुसीच्या खांद्याला खांदा लावून, आणि गळा कुणाचा तयार आहे ते पहिल्या दोन ओळींतच कळतं. तोंडाने मैत्रीचं गाणं चालूय, चेहऱ्यावर मंगळागौरीचं हसू, आणि हाताने एकमेकींचे ड्रेस फाडणं चालूय. भांडणात चूक कुणाची यावर आमच्या घरात एकमत नाही. मी अर्थातच एथेलच्या बाजूने.