आरे-वारेच्या पुळणीत

“अजून रेस करा, थेट पाताळात जाल!” रुतलेल्या गाडीला धक्का मारता मारता गावातले काका म्हणाले. चाक निम्मं आत, तरी ड्रायव्हरचा पाय काही ॲक्सिलरेटरवरून हलेना.

फिरणारं चाक वाळू मागे फेकतं आणि स्वतःसाठीच खड्डा खणतं. आधी थांबायचं. चाकांपुढची वाळू हाताने उपसायची, टायरमधली हवा कमी करून दाब १५-१८ पीएसआयवर आणायचा, गाडीतल्या मॅट चाकाखाली सारायच्या, मग दुसऱ्या गिअरात अलगद. भरतीचं पाणी साधारण सहा तास चढतच राहतं, ते कुणासाठी थांबत नाही.

खरं तर रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना वरच्या वळणावरूनच आरे आणि वारे हे दोन्ही किनारे दिसतात. चाकं डांबरावर, कोरडी. मग गाडी खाली वाळूत नेऊन जास्तीचं काय दिसतं म्हणे?