डोळे फिरायलेत म्हणजे काय

मंगळवार, रात्र.

लसीकरणाचं सेशन उरकून आम्ही पाचजणी सेंटरच्या मागच्या खोलीत बसलो, ऊनच असलं की बाहेर पडवेना. तिथं नव्या सिस्टरचा विषय निघाला. मागच्या आठवड्यात सोलापूरच्या पूर्व भागातली एक विडी कामगार बाई, सहावा महिना, हिला म्हणाली "कळ्ळु तिरुगुतुन्नायि". सोबतच्या पोरीनं शब्दाला शब्द लावून सांगितलं, डोळे फिरायलेत. झालं, हिनं रजिस्टरला डोळ्यांचा त्रास लिहून डोळ्यांच्या ओपीडीची चिठ्ठी दिली. तेलुगूत ते चक्कर येते असं आहे! आमच्या आशाताई (घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या) तेलुगू घरातल्या, दोन दिवसांनी त्या गेल्या म्हणून कळलं, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) केलं तर ६.८.

सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. मलाही आधी रागच आला, पण मला तरी कुठं तेलुगू येतं, बारा वर्षांत "मंदुलु" न् "नोप्पि" एवढंच.

मग म्हणलं काढा सगळ्यांची रजिस्टरं, आणि तिथं आमचीच फजिती. शेरा एकच, "रक्त कमी". एकीचा म्हणजे ११ च्या खाली, दुसरीचा ९ च्या, मोठ्या सिस्टर तर पापणी पांढरी दिसली की लिहून मोकळ्या. गरोदर बाईला ११ च्या खाली ॲनिमिया आणि ७ च्या खाली तीव्र, हे ट्रेनिंगला सगळ्यांनी लिहून घेतलेलं, तरी! एक रजेवर गेली तर दुसरीनं ते वाचून काय समजायचं, गोळ्या वाढवायच्या का आजच्या आज मोठ्या दवाखान्यात पाठवायचं? ठरलं मग, आकडा आणि तारीखच लिहायची, ७ च्या खाली लाल पेन आणि आशाताईंना लगेच फोन. मोठ्या सिस्टर फुगल्या, "इतकी वर्षं असंच चाललंय की ओ." खरंय, त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, पण त्यांच्या रजेत तो अंदाज आम्ही कुठून आणायचा.

वहीच्या मागं आशाताईंकडून शब्दही उतरवून घेतले. कन्नड बायका म्हणे चक्करला "तलि तिरगतद" म्हणतात, म्हणजे डोकं फिरतंय. कुणी तसंच रजिस्टरला लिहू नये म्हणजे मिळवली, हसून हसून पुरेवाट. (लोहाची गोळी चहासोबत नको हे बायकांना सांगून सांगून आम्ही मात्र तिसरा चहा प्यायलो.)

ती बाई काल दवाखान्यातून घरी आली. उद्या नवी सिस्टर स्वतःच भेटायला जाणारे, आशाताईंना घेऊन. चहा संपेपर्यंत ते कळ्ळु तिरुगुतुन्नायि पुटपुटायली होती.