पोर्टची भावकी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिही असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मला आधी आठवला तो आठवीचा वर्ग, फळ्यावर सरांनी खडूने काढलेलं गलबत. घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, बाबा हर्णैच्या बंदरातून शिडाची होडी घेऊन जायचे, आणि मी स्पेलिंगं घोकून घोकून रडकुंडीला आलेलो.

सर म्हणाले, घोकू नको, शब्दाची भावकी शोध. लॅटिनमधे पोर्तारे म्हणजे वाहून नेणं. माल आत आणला की इम्पोर्ट, बाहेर पाठवला की एक्सपोर्ट, पलीकडे नेला की ट्रान्सपोर्ट, ओझं वाहतो तो पोर्टर, खालून भार उचलून धरला की सपोर्ट, खबर परत आणून दिली की रिपोर्ट, आणि स्पोर्टसुद्धा ह्यांच्यातलाच, जुन्या फ्रेंचमधून आलेला, कामातलं मन दुसरीकडे नेणारा. एका तासात सात शब्द आले, एकही पाठ करावा लागला नाही! बंदर ह्या अर्थाचा पोर्ट मात्र पोर्तुस वरून आलाय, म्हणजे सख्खा नाही चुलत, दोघांचं मूळ खूप मागे जाऊन एक होतं.

पण खरी मजा ऑपॉर्च्युनिटीची. सरांनी मला उभं केलं, विचारलं, तुझे बाबा दुपारी कुठल्या वाऱ्यावर परत येतात रे? भूगोलात नुकतंच झालेलं, मी म्हटलं, सर पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर जातात, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर येतात. सर म्हणाले, मग तुला हा शब्द सगळ्यांच्या आधी कळला पाहिजे, कारण रोमन लोक जहाजाला बंदराकडे आणणाऱ्या वाऱ्याला ओपोर्तूनुस म्हणायचे, ऑपॉर्च्युनिटी तिथूनच आली. वर्ग माझ्याकडे बघत होता. मच्छीमाराच्या पोराला इंग्रजीच्या तासाला सगळ्यांच्या आधी काही कळू शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि आज लिहितानाही डोळे भरून येतात.

मान्सूनही त्यांनीच सांगितला. अरबी मौसिम म्हणजे ऋतू, तो पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन मान्सून झाला, आणि आपल्याकडे आंब्याचा मोसम म्हणतो तोही तोच. एक भाऊ आपल्या घरात, दुसरा विलायतेत.

१९८६ ला दहावी झाली, पुढे न्हावा शेवा बंदरात मालाची कागदपत्रं करायला लागलो, दिवसभर इम्पोर्ट एक्सपोर्ट. फळ्यावरचं ते गलबत मी वहीत उतरवून घेतलेलं, त्या वहीचं एक पान अजून जवळ आहे, खाऱ्या हवेने पिवळं पडलंय पण गलबत दिसतं, त्याचा फोटो सोबत पाठवतोय. सरांनी मिठाची भावकीही काढून दिलेली, सॉल्ट, सॅलरी, सॅलड, सॉस, ते पान माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर कार्यक्रमाला येताना घेऊन या.