आमची वाटचाल: काटा एक, प्रोसेसर अनेक

आमचं सॉफ्टवेअर एकच काम करतं: वजनकाट्याकडून सिरियल केबलने आलेला आकडा वाचायचा आणि तो स्थिर झाला की नोंदवायचा. काम तेच राहिलं, खालचं मशीन मात्र बदलत गेलं. ऑपरेटिंग सिस्टिम: डॉस, विंडोज, मॅक, लिनक्स. प्रोसेसर: इंटेल, पॉवरपीसी, एआरएम. या प्रवासात नव्या प्रोसेसरमुळे असं आमचं फारसं अडलं नाही. आमच्या ज्या चुका जुना प्रोसेसर पोटात घालत होता, त्या नव्याने घातल्या नाहीत, तिथे अडलं.

सुरुवात डॉसवर झाली. कॉम १ म्हणजे पहिला सिरियल पोर्ट: पत्ता ३एफ८, इंटरप्ट (बाइट आल्याची वर्दी) ४. प्रोग्राम तिथून थेट बाइट उचलायचा. विंडोज ९५ नेही हे चालवून घेतलं. विंडोज एनटीत साध्या प्रोग्रामला पोर्टला हात लावता येत नाही, आणि २००१ च्या एक्सपीपासून घरगुती पीसीवरही एनटीचाच गाभा आला. मग पोर्ट फाइलसारखा उघडून वाचायला लागलो. यात एक खोच आहे. कॉम ९ पर्यंत नुसतं नाव चालतं. कॉम १० पासून नावाआधी दोन बॅकस्लॅश, टिंब आणि आणखी एक बॅकस्लॅश लागतो. यूएसबी अडॅप्टर बदलत गेले की पोर्टचा क्रमांक सहज दहाच्या पुढे जातो, आणि काटा ठणठणीत असूनही ‘काटा सापडत नाही’ असा फोन येतो.

पहिली मॅक आवृत्ती पॉवरपीसीसाठी होती. १००० ग्रॅम म्हणजे हेक्समध्ये ३ई८. इंटेल हा आकडा चार बाइटमध्ये ई८, ०३, ००, ०० असा ठेवतो. पॉवरपीसीवरचा मॅक पहिला बाइट सगळ्यात मोठा धरतो, म्हणून विंडोजवर बनलेली फाइल तिथे उघडली की एक किलोच्या जागी उणे ४०,२४,५६,५७६ दिसायचे. मेमरीतलं स्ट्रक्चर (एका नोंदीतल्या आकड्यांचा गठ्ठा) जसंच्या तसं डिस्कवर ओतायची सवय तेव्हा सुटली. फाइलमधला बाइटक्रम आम्ही लिहून ठरवला आणि एकेक बाइट त्याच्या जागी सरकवून (शिफ्ट करून) आकडा जोडू लागलो. २००६ मध्ये ॲपल इंटेलवर आलं तेव्हा या भागातली एक ओळही बदलावी लागली नाही.

६४ बिटांच्या शर्यतीत इंटेलचं इटॅनियम २००१ मध्ये आलं, पण जुने प्रोग्राम त्यावर रडतखडत चालायचे. एएमडीने २००३ मध्ये जुना सूचनासंच (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा) कायम ठेवून त्यालाच ६४ बिट जोडले. बाजाराने तेच उचललं आणि पुढच्याच वर्षी इंटेललाही तीच वाट धरावी लागली. आमच्यासारख्यांची त्यात मोठी सोय झाली. एक फरक तेवढा लक्षात ठेवावा: सी भाषेतला ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ६४ बिट विंडोजवरही ३२ बिटांचाच राहतो, लिनक्स आणि मॅकवर तो ६४ बिटांचा होतो. नोंदींसाठी रुंदी ठरलेले प्रकारच वापरावेत.

खरी परीक्षा एआरएमने घेतली. आमच्या प्रोग्रामचा एक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) वजन लिहायचा आणि मग ‘तयार’ असा फ्लॅग, म्हणजे खूण, लावायचा. दुसरा थ्रेड तो फ्लॅग पाहून वजन उचलायचा. इंटेलवर एका कोअरचं लिखाण दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसतं, म्हणून हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. एआरएमला ते बंधन नाही. फ्लॅग आधी दिसतो, वजन मागचंच हाती येतं, आणि तेही हजारात एखाद्या वेळी. सी भाषेतल्या ‘व्होलाटाइल’वर विसंबू नये, फ्लॅगसाठी ॲटॉमिक व्हेरिएबल घ्यावं, लिहिताना रिलीज आणि वाचताना अक्वायर, म्हणजे क्रम पाळला जातो. इंटेल पीसीवरच्या एम्युलेटरमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ही चूक सहसा सापडत नाही, कारण खाली इंटेलचाच शिस्तीचा क्रम असतो. चाचणीला खरं एआरएम मशीनच हवं.

त्याहून वाईट चूक भागाकाराची. पूर्णांकाला शून्याने भागलं की इंटेलवर प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळतो. एआरएमचा प्रोसेसर स्वतः अडवत नाही, उत्तर मुकाट्याने शून्य देतो. सरासरीसाठी एकही स्थिर आकडा मिळाला नसेल, तर नोंदीत शून्य किलो पडतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. कोसळलेला प्रोग्राम परवडला, खोटं वजन नाही. आता भाजक आधी तपासल्याशिवाय आमच्याकडे भागाकार होत नाही.

लिनक्सच्या एआरएम बोर्डांवर ‘कॅर’ हा सी भाषेतला एका बाइटचा प्रकार बिनचिन्हाचा असतो, म्हणजे त्यात उणे आकडा मावत नाही. त्यात उणे १ (‘डेटा संपला’ ही खूण) ठेवून त्याची वाट पाहणारा लूप कधीच थांबत नाही. ती किंमत ‘इंट’मध्येच घ्यावी.

एम्युलेशनला आम्ही उसनवारी मानतो. इंटेल मॅकवर पॉवरपीसीचे प्रोग्राम चालवणारं पहिलं रोझेटा ॲपलने २०११ च्या लायनमध्ये काढून टाकलं. म्हणून एम१ हा ॲपलचा एआरएम प्रोसेसर आल्यावर आम्ही दोन्ही प्रोसेसरांचा कोड असलेली युनिव्हर्सल बायनरीच देऊ लागलो. विंडोजवर अडचण वेगळी आहे. एआरएमवरचं विंडोज इंटेलचा प्रोग्राम चालवतं, पण इंटेलचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) नाही. प्रोग्राम झोकात उघडतो आणि काटा मात्र दिसत नाही. त्यामुळे एआरएम लॅपटॉप घेण्याआधी आम्ही ग्राहकाला यूएसबी अडॅप्टर सध्याच्या पीसीला लावायला सांगतो. डिव्हाइस मॅनेजरमधल्या हार्डवेअर आयडीत व्हीआयडी आणि पीआयडी (उत्पादकाचा आणि उत्पादनाचा क्रमांक) असे दोन आकडे असतात, ते कळवायचे. अडॅप्टरच्या खोक्यावरचं नाव कामाचं नाही. आतली चिप कोणती आणि तिचा एआरएम ६४ ड्रायव्हर निघालाय का, हे त्या आकड्यांवरूनच शोधता येतं.