वाचवता आलं नाही, मग पदक कशाबद्दल?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. त्या दिवशी गाडीत मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

भारतातून कुणी आलं की मी त्यांना नायगारा दाखवते आणि परतीच्या वाटेवर कॅनडातल्या हॅमिल्टनच्या विमानसंग्रहालयात नेते. तिथलं लँकेस्टर हे दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान अजून उडतं. उडणारी अशी जगात दोनच उरली आहेत. ते अँडी मिनार्स्कीच्या विमानासारखं रंगवलं आहे, अंगावर अक्षरंही तीच. त्याच्याखाली उभी राहून मी अँडीची गोष्ट सांगते. ती संपली की तुम्ही विचारलंत तेच बहुतेक जण विचारतात : मित्राला तर त्याला वाचवता आलं नाही, मग व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, कशाबद्दल?

अँडी कॅनडातल्या विनिपेगचा. पोलंडहून आलेल्या कुटुंबात १९१६ साली जन्मला. तो सोळा वर्षांचा असताना वडील गेले, आणि घराला हातभार म्हणून तो फरच्या धंद्यात कातडी कापायच्या कामाला लागला. १९४१ मध्ये कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. वायरलेस शिकताना मोर्स ही टिंब-रेषांची लिपी काही जमेना, म्हणून गनर, म्हणजे मशीनगन चालवणारा, झाला. इंग्लंडच्या उत्तरेला मिडलटन सेंट जॉर्ज इथे ४१९ स्क्वाड्रनमध्ये पोचला तेव्हा त्याच्या विमानात सात जण होते. विमानाच्या पाठीवरच्या घुमटात अँडी, शेपटाच्या टोकाला पॅट ब्रॉफी. दोघांची गट्टी जमली. ब्रॉफी अधिकारी, अँडी हुद्द्याने खाली, त्यामुळे झोपायच्या जागा वेगळ्या. रात्री निरोप घेताना अँडी टाचा जुळवून कडक सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, "गुड नाईट, सर." दोघांतली रोजची थट्टा.

शेपटाचा गनर म्हणजे काय ते त्या विमानाच्या मागे उभं राहिल्यावर कळतं. काचेचं एक खोकं, त्यात एक माणूस आणि चार मशीनगन. कडाक्याची थंडी, तासन्‌तास पाठ सगळ्या सोबत्यांकडे आणि तोंड अंधाराकडे. पॅराशूटलाही आत जागा नसते, ते बाहेर, विमानाच्या पोटात अडकवायचं. उडी मारायची तर आधी खोकं सरळ फिरवून दार उघडायचं. आणि ते फिरतं डावीकडच्या बाहेरच्या इंजिनाच्या जोरावर.

१२ जून १९४४ च्या संध्याकाळी, नॉर्मंडीच्या चढाईनंतर सहा दिवसांनी, त्यांना फ्रान्समधल्या काँब्रेच्या रेल्वे यार्डावर जायचं होतं. ही त्यांची तेरावी मोहीम. विमानाजवळ गवतात बसून वाट पाहताना अँडीला चार पानांचं क्लोव्हर सापडलं. तिकडे ते शुभ मानतात. त्याने ते ब्रॉफीला दिलं.

मध्यरात्रीनंतर एका जर्मन युंकर्स विमानाने खालून येऊन गोळ्या घातल्या. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आणि अँडी व ब्रॉफी यांच्या मधल्या भागात आग लागली. वैमानिक आर्ट डी ब्रेनने उड्या मारायला सांगितलं. ब्रॉफीचं खोकं तिरकं अडकलं होतं. हाताने फिरवायची मूठ त्याने जोर लावला तशी तुटून हातात आली.

अँडी आपल्या जागेवरून उतरून मागच्या दारापाशी पोचला होता. उडी मारायची तेवढी बाकी होती. त्याने मागे पाहिलं, आणि जळत्या तेलातून हातापायांवर रांगत शेपटाकडे गेला. आगीच्या वेळची कुऱ्हाड घेऊन खोक्यावर घाव घातले, मग नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. कमरेखाली कपडे पेटले होते. ब्रॉफी काचेतून ओरडत होता, हातवारे करून 'जा, परत जा' सांगत होता. शेवटी अँडी मागे सरकला. वळायला जागा नव्हती, म्हणून तोंड मित्राकडेच ठेवून आगीतून मागे मागे रांगला. दारात उभा राहिला, ताठ झाला आणि सलाम केला. आवाज पोचणं शक्य नव्हतं. ब्रॉफीला फक्त ओठ हलताना दिसले. ते शब्द कोणते, हे त्याला वेगळं कळायची गरज नव्हती.

अँडी जळतच खाली उतरला. फ्रेंच शेतकऱ्यांना तो सापडला, पण वाचला नाही. सत्तावीस वर्षांचा होता.

आणि ब्रॉफी जगला! विमान कोसळताना पंख झाडाला धडकला, त्या हिसक्याने खोकं उघडलं आणि तो बाहेर फेकला गेला. बाकीचे पाच जणही वाचले. म्हणजे हिशोब असा, की अँडीने लगेच उडी मारली असती तर सातही जण परत आले असते. तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं हे आहे, आणि मी ते टाळणार नाही. बाजीप्रभूंची गोष्ट सांगताना राजे विशाळगडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येतात, त्या मरणाला उत्तर मिळतं. अँडीच्या मरणाला तसल्या तोफा नाहीत.

पण त्या दारात उभं असताना हिशोब एवढाच होता : मित्र आत आहे आणि मरणार आहे. पदक त्या क्षणाचं आहे. ते मिळायलाही १९४६ चा ऑक्टोबर उजाडला, कारण त्या आगीत काय झालं ते पाहिलेला माणूस एकच होता, आणि तो जगण्याची कुणालाच आशा नव्हती. मला इथे नेहमी बाकीचे आठवतात. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे सुमारे सव्वा लाख वैमानिक आणि त्यांचे सोबती उडाले, त्यांतले ५५,५७३ मेले. किती विमानांत कोण कुणासाठी मागे फिरलं असेल, आणि सांगायला कुणीच उरलं नसेल.

पुढच्या वेळी याल तेव्हा एक करा. त्या विमानाच्या मागच्या दारापासून शेपटाच्या टोकापर्यंत बाहेरून चालत जा. मी पाहुण्यांना हल्ली तेच करायला सांगते. फार पावलं लागत नाहीत.